सकाय म्हणजे कधी?

आमच्या सरांना सगळ्यात जास्त राग कोणाचा यायचा, तर एबीसीचा.

प्रोग्रॅम लिहिला की तो चालतो का हे बघायला त्यात काहीतरी नाव टाकावं लागतं. जगभर लोक एबीसी टाकतात, नाहीतर एक्सवायझेड. अगदीच कंटाळा आला असेल तर कीबोर्डवर बोटं आपटतात आणि उमटेल ते नाव. आम्हीही तेच करायचो. सर मागे येऊन उभे राहायचे, पडद्याकडे निरखून बघायचे आणि अतिशय अदबीने विचारायचे, "हे एबीसी कुठले म्हणायचे? अक्कलकुव्याचे का?"

"सर, ते नुसतं टेस्टिंगसाठी आहे."

"अस्सं. करतात काय? शेती? घरी कोण कोण असतं?"

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. एबीसीला पुसून तिथे माणूस बसवेपर्यंत ते खुर्चीमागून हलायचे नाहीत. माणूस म्हणजे नाव, गाव, वय, आणि तो आपल्या दारात कशाला आलाय ते. "एबीसींचं काही चुकत नाही हो," ते म्हणायचे. "त्यांचं शाळेत एक नाव आणि घरी दुसरं असं नसतं. त्यांचा अंगठा पुसट झालेला नसतो. त्यांचं उत्तम चाललंय. त्यांच्यासाठी आपण कशाला प्रोग्रॅम लिहायचा?"

आता सांगताना मजा वाटते. तेव्हा डोकं फिरायचं. डेटाबेस जोडायला अर्धा दिवस गेलेला असायचा, पोटात कावळे ओरडत असायचे, आणि हा माणूस विचारतोय की तुमच्या पेशंटला मुलं किती.

वर्ग लोणखेड्याला होता. शहादा संपलं की लगेच लोणखेडा, तिथे एका खताच्या दुकानावर लांबडी खोली. खिडक्या उघडल्या की ऊस दिसायचा आणि बंद केल्या की खालच्या पोत्यांचा वास वर यायचा. कंपन्यांची, दवाखान्यांची, पतपेढ्यांची कामं ज्या प्रोग्रॅमवर चालतात, ते आतल्या बाजूचे प्रोग्रॅम लिहायला आणि तपासायला आम्ही शिकत होतो. वेबसाइटचं दर्शनी रूप दुसरे लोक करतात. आमच्याकडे आलेल्या निरोपाचं पुढे काय होतं, ते आमचं काम.

खोली शेठची, खालचं दुकानही शेठचंच. शेठ मूळचे राजस्थानातले, पण आजोबांपासून इथे, त्यामुळे अहिराणी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायचे. गावातली पोरं पुण्याला न जाता इथेच तयार व्हावीत असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी सरांना आणलं. कुठून आणलं ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. सर घाटावरचे होते, मोठ्या कंपन्यांत राहिलेले होते, आणि एकटे होते. एवढंच कळलं. आम्ही पहिल्या दिवशी एकमेकांना विचारत होतो, "हाऊ सर कोठला शे?" आणि वर्ष संपलं तरी विचारतच होतो.

ते सगळ्यांना अहो म्हणायचे. आमच्या अहिराणीत बापालाही तू म्हणतात, आणि इथे हा पिकल्या केसांचा माणूस विशीतल्या पोराला म्हणतोय, "अहो गोपाळराव, जरा सरकता का?" गोपाळ माझ्या शेजारी बसायचा. त्याला पहिले काही दिवस सासुरवाडीला आल्यासारखं वाटायचं, असं तो म्हणायचा. मी घरी सांगितलं तेव्हा माझी आई काळजीत पडली. "तो तुले अहो म्हनस? मंग तू त्याले काय म्हनस?"

त्यांच्या अंगात विचित्रपणा भरपूर होता, आणि तो त्यांनी मिरवलाही नाही नि लपवलाही नाही. उन्हाळ्यात लोकरीची कानटोपी, थंडीत डोकं उघडं. विचारलं तर म्हणायचे, "ऊन लागतं. थंडी लागत नाही." आणि नंदुरबार जिल्ह्यात राहून हा माणूस मिरची खात नसे. अख्ख्या रस्त्याला लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात, त्या भागात येऊन ते खानावळीच्या मावशींना म्हणाले, "बिनमिरचीचं काही असेल का?" मावशींनी तो स्वतःच्या हाताचा अपमान समजला. त्या दिवसापासून त्या त्यांना साधं वरण आणि भाकरी वाढायच्या, पण ताट जरा आपटूनच.

पहिला महिना त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. ह्यावर शेठसुद्धा वैतागले होते. खोलीला बाहेरच्या गॅलरीकडे उघडणारी गजांची एक खिडकी होती. एकाला त्यांनी आत बसवलं आणि बाकीच्यांना बाहेर रांगेत उभं केलं. "सर्व्हर म्हणजे काय? खिडकीमागचा माणूस. लोक येणार, चिठ्ठी सरकवणार. ह्याने बघायचं कोण आलंय, काय मागतंय, द्यायचं का नाही. आणि नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं. बाकी सगळा तपशील आहे, तो पुस्तकात मिळतो."

मग स्वतः डोक्याला टॉवेल गुंडाळून रांगेत. कधी ते उत्तर यायच्या आत तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा सरकवायचे, आणि आतल्याने दोनदा काम केलं की "बुडवलंत मला" म्हणून गॅलरीत बसकण मारायचे. कधी नावाच्या जागी वय लिहायचे. कधी अर्धं बोलून निघूनच जायचे आणि जिन्यात उभं राहून बघायचे की आतला माणूस किती वेळ त्यांच्यासाठी ताटकळतो. मधूनच, "साहेबांनी पाठवलंय, ओळखत नाही का?" असा दम. खालच्या दुकानातली गिऱ्हाईकं माना वर करून बघायची. एकदा तर खत घ्यायला आलेला एक खरोखरचा माणूस चुकून वर येऊन रांगेत उभा राहिला. आम्ही त्याला बाजूला घ्यायला लागलो, तर सर म्हणाले, "थांबा. आलेत ना खिडकीवर? गोपाळराव, द्या उत्तर."

गोपाळ आतून म्हणाला, "आठे नही भाऊ, खत खाले भेटी."

सर इतके खूश झाले की त्या माणसाला त्यांनी चहा पाजला. "चुकीच्या खिडकीवर आलेल्याला वाट दाखवली. ह्यालाच एरर मेसेज म्हणतात. आयुष्यभर असेच लिहा."

एररवर त्यांचा भारी जीव. पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग आला की आम्ही पहिली ओळ वाचून गूगलकडे धावायचो. त्यांच्यासमोर ती सोय नव्हती. उभं राहायचं आणि शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचं. "तो बिचारा सांगतोय काय झालं ते. तुम्ही ऐकून तर घ्या." कधी कधी ते वाचन इतकं लांबायचं की खाली पोती उतरवणारे हमालही हात थांबवून ऐकायचे.

आणि हुई जाई. आमच्याकडे अख्खा जिल्हा ह्या दोन शब्दांवर चालतो. एसटी येईल का? हुई जाई. रस्ता होईल का? हुई जाई. त्यात खोटेपणा नसतो, समोरच्याचं मन राखलेलं असतं. सरांना त्याचं काही नाही. कोणी म्हटलं की खडू खाली ठेवायचे. "काय हुई? आणि कधी जाई? दोन वेगळी वाक्यं करून सांगा." पोरं घाम पुसायची. त्यांचं म्हणणं एकच, टेस्ट आधी लिहा, म्हणजे काम बरोबर झालं का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम. टेस्टला ते साक्षीदार म्हणायचे. साक्षीदार आधी उभा करा, मग काम करा. तो हो म्हणाला तरच झालं, तुम्ही म्हणून उपयोग नाही.

वर्गात टेस्ट लिहिण्यात सगळ्यात तरबेज होती रमिला. धडगावच्याही वर डोंगरात तिचं गाव. घरी पावरी बोलायची, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे तिचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आणि अहिराणी जवळजवळ नाहीच. आम्ही गप्पा ठोकायला लागलो की ती शब्द पकडत बसायची. सर तिला रमिलाबाई म्हणायचे. एकमेकांशी जास्त बोलताना दोघांना कोणी पाहिलं नाही. ती टेस्ट लिहायची, ते वाचायचे, मान हलवायचे.

तिची गोष्ट आमच्याहून वेगळी होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. हा वर्ग नसता तर आम्ही नाशिकला गेलो असतो, पुण्याला गेलो असतो. तिच्या वडिलांनी शहाद्याच्या पुढे पाठवायला साफ नकार दिला होता. शहाद्यात मुलींच्या वसतिगृहात तिला जागा होती, ती वर्ग चालू आहे तोवर. वर्ग बंद, तर वसतिगृह बंद, तर घरी. मधला रस्ताच नव्हता.

आणि वर्ग बंद होण्याच्या बेतात होता. शेठ हौसेने खर्च करत होते, पण हौसेलाही घरचे लोक असतात. खताचा धंदा वाढला होता, पोती ठेवायला जागा नव्हती, आणि धाकटा भाऊ रोज वर बघायचा. शेवटी शेठने सरांना आमच्यासमोरच सांगितलं. तळोद्याच्या वाटेवर एक दवाखाना आहे, नाव नको. तिथल्या डॉक्टरबाईंना पेशंटच्या वेळा लावून देणारा प्रोग्रॅम हवा होता. तो आपल्या पोरांनी करायचा. ठरल्या दिवशी पाहुण्यांसमोर सुरू झाला तर वर्ग चालू राहील आणि पुढची तुकडीही बसेल. नाही झाला, तर खोलीत पोती.

सर म्हणाले, "ठीक आहे."

गोपाळ हळूच म्हणाला, "हुई जाई." सरांनी ऐकलं, पण त्या दिवशी खडू खाली ठेवला नाही.

काम तसं सोपं वाटत होतं. पेशंटने दवाखान्याच्या नंबरवर निरोप टाकायचा, आपल्या बोलीत, जमेल तसा. आमच्या प्रोग्रॅमने त्यातून दिवस आणि वेळ ओळखायची, जागा धरून ठेवायची आणि उलट निरोप पाठवायचा. दिवस ओळखणं माझ्याकडे, वेळ ओळखणं गोपाळकडे, आणि आमच्या दोघांच्या मागे साक्षीदार घेऊन रमिला. दवाखान्यात सुरतेहून डोळ्यांचे डॉक्टर यायचे, ते फक्त बुधवारी. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांची गर्दी त्याच दिवशी असायची.

आम्ही जीव तोडून काम केलं. माझा भाग चालला, गोपाळचा चालला. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास; चुकलं की लाल दिसतं. सुरू करायच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ वर येऊन पेढे ठरवून गेले. सर कानटोपी काढून खिडकीपाशी उभे होते, बहुतेक ऊस बघत. इतके निवांत ते मला कधी दिसले नव्हते.

तेव्हा रमिला उठली आणि म्हणाली, "सर, एक लाल आहे."

तिने दुपारी एक नवा माणूस घातला होता. गेनाबाई, तिच्याच गावाच्या बाजूची, डोळ्यात मोतीबिंदू. आता गेनाबाईकडे मोबाइल कुठला? मोबाइल असतो जीपवाल्याकडे. आठवड्याला डोंगरातून माणसं खाली आणतो तोच सगळ्यांचे निरोप टाकतो. आणि जीपवाले सगळे खालचे, सपाटीवरचे. म्हणजे गेनाबाई पावरीत सांगणार आणि निरोप जाणार अहिराणीत. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. रमिलाने जीपवाला लिहील तसाच निरोप लिहिला होता. "गेनाबाई बुधवारे सकाय येई."

गोपाळचा भाग म्हणाला, सकाळी. बरोबर. माझा भाग म्हणाला, उद्या. आणि त्याने बुधवार बाजूला सारून गेनाबाईला दुसऱ्याच दिवसाची जागा दिली होती. तो दिवस होता शनिवार.

सरांनी रमिलाकडून निरोप मोठ्याने वाचून घेतला. मग आमच्याकडे वळले. "तुमच्याकडे उद्याला काय म्हणतात?"

"सकाय," मी म्हणालो.

"आणि सकाळला?"

"सकाय," गोपाळ म्हणाला.

"दोन्हींना?"

"हो सर. पण बोलण्यावरून समजतं ना."

"कोणाला समजतं?"

खरंच, जन्मापासून हा शब्द तोंडात. आईने सकाय म्हटलं की ती उद्या म्हणतेय की सकाळी म्हणतेय, हा प्रश्न कधी पडलाच नाही. मी उद्या धरून लिहिलं, गोपाळने सकाळ धरून लिहिलं, दोघंही बरोबर, आणि एकमेकांना विचारायचं सुचलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काय आहे? रमिलाला हा शब्द परका होता, म्हणून तिला तो दिसला. घरच्या भाषेचं हे असंच असतं.

मी म्हणालो, "सर, वार असेल तर वार धरायचा, एवढंच बदलतो. दहा मिनिटांचं काम."

"बदला."

बदललं. गेनाबाई हिरवी झाली. रमिलाने लगेच दुसरा निरोप घातला, "आते नही, सकाय येस." तो नुसता उद्याचा, वेळ कुठलीही चालेल असा, पण गोपाळच्या भागाने त्या माणसाला सकाळीच बसवलं. ते नीट करावं तर तिसरा लाल. संध्याकाळचं ऊन खोलीत तिरपं आलं तोवर आम्हाला कळून चुकलं की हे दहा मिनिटांचं नाही. लोक नेमकं काय म्हणतात ते बाजारात जाऊन, जीपस्टँडवर बसून ऐकावं लागणार. त्याला आठवडे लागणार. आणि सुरू करायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. हो, सकाय.

तेव्हा सर जे बोलले त्यावर गोपाळचं आणि माझं आजही जमत नाही.

ते रमिलाच्या टेबलाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "रमिलाबाई, ह्या टेस्ट बाजूला ठेवता येतात. कशा ते तुम्हाला माहीत आहे. बाकीच्या हिरव्या आहेत. उद्या सुरू होईल, वर्ग राहील. मग सावकाश दुरुस्त करू."

गोपाळ म्हणतो, ते तिची परीक्षा बघत होते. मला तसं वाटत नाही. मी बाजूलाच होतो. त्यांच्या हातात कानटोपी होती आणि ते ती पिळत होते. वर्ग जाणार म्हणजे त्यांचं सगळं जाणार होतं, आणि रमिलाचं तर त्याहून जास्त. मला वाटतं, त्या मिनिटाला त्यांना मनापासून वाटत होतं की तिने हो म्हणावं. मलाही वाटत होतं. मी तर मनात देवाला सांगत होतो.

रमिला म्हणाली, "बाजूला ठेवली तरी गेनाबाई शनिवारी येऊन बसेल ना सर."

"हो," सर म्हणाले. "बसेल."

"डोळ्यांचे डॉक्टर नसतील."

"नसतील."

"आणि पुढची जीप आठवड्याने."

सरांनी टोपी डोक्यावर चढवली, दोन्ही कान नीट झाकले आणि म्हणाले, "मग नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हार, पेढे, खुर्च्या सगळं मांडलेलं. सर शेठना आणि डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन उभे राहिले आणि आज सुरू होणार नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं, एक शब्द आहे. डॉक्टरबाई भडकल्या. "एका शब्दासाठी? लोकांना बोलावून ठेवलंय मी." सरांनी त्यांना गेनाबाई सांगितली. डॉक्टरबाईंचा राग उतरला नाही, पण गेनाबाई त्यांना पटली. चुकलेल्या वारी आलेली माणसं त्यांच्या ओट्यावर रोजच बसलेली असायची.

शेठ मात्र हसायला लागले. आम्हाला कळेना. "आमनी मारवाडीमा काल म्हंजे गयेल बी आनि येनारा बी," ते म्हणाले. "मन्हा आजा आठे नवा वना तैं एक गिऱ्हाईकले म्हने, काल माल भेटी. तो मानूस भांडाले उठना, काल तर मी वनाच नही." आजोबा उद्याचं सांगत होते, गिऱ्हाईक म्हणत होतं, काल मी आलोच नव्हतो. पाहुणेही हसले. गोपाळने माझ्या बरगडीत कोपर मारला. वाचलो, असं त्याचा चेहरा सांगत होता, आणि मलाही तसंच वाटलं.

शेठनी हसून झाल्यावर डोळे पुसले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, बात एकदम बराबर शे. पन खोली माले पुढला महिनामा लागी."

बस, एवढंच. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळला. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." दोघांनी चहा घेतला. परत येताना गोपाळ म्हणाला, "बठं पानीमा गयं." सगळं पाण्यात.

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. शब्द एक, माणूस एक, तोसुद्धा रमिलाने मनाने रचलेला. त्या एका म्हातारीसाठी तुम्ही खऱ्या पोरीचं नुकसान करता? हे मी त्यांना तोंडावर बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग म्हणाले, "अहो, तुमचं म्हणणं चूक नाही." त्याने मी आणखीच भडकलो.

शेवटचा महिना पोत्यांच्या सोबतीत गेला. हमाल एका भिंतीपासून थप्पी लावत यायचे आणि वर्ग दुसऱ्या भिंतीकडे सरकायचा. सरांनी आवाज वाढवला नाही की तास चुकवला नाही. त्या महिन्यात आम्ही बाजारात फिरलो, जीपस्टँडवर बसलो, लोक वेळ कशी सांगतात ते ऐकलं. सकायचं उत्तर अखेर रमिलानेच आणलं. डोंगरात वार विचारायचाच नाही, आठवडी बाजार विचारायचा; प्रत्येक गावच्या बाजाराचा दिवस ठरलेला असतो. कोणत्या बाजाराला येणार, की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी? त्यात कोणी चुकत नाही. उलट निरोपही तसाच जायला लागला. प्रोग्रॅम सुरू झाला तेव्हा हार नव्हते, पेढे नव्हते, आणि वर्गही नव्हता. खोलीला कुलूप लागून आठवडा झाला होता.

रमिला ट्रंक घेऊन धडगावच्या गाडीत बसली. आम्ही तिला पोहोचवायला शहाद्याच्या स्टँडवर गेलो होतो. सर आले नव्हते. मला तेही आवडलं नाही. मी नाशिकला गेलो, तिथून पुण्याला. नोकरी लागली, बरी आहे. माझ्या कोडवर फार एरर येत नाहीत असं साहेब म्हणतात. सर कुठे गेले ते शेठनाही सांगता आलं नाही. राहत्या खोलीचं भाडं चुकतं करून एक दिवस गेले, असं खानावळीच्या मावशी म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या की बिनमिरचीचं करायची सवय लागली होती, आता कोणासाठी करू?

गेल्या वर्षी एका लग्नासाठी धडगावला जाणं झालं. रमिलाचा पत्ता काढला. डॉक्टरबाईंनी तिथे दोन खोल्यांचा छोटा दवाखाना काढला आहे, आणि त्या प्रोग्रॅमची देखभाल रमिला तिथूनच करते, हे मला फोनवर कळलं होतं. मागच्या खोलीत ती काहीतरी शिकवते असंही कोणी म्हणालं होतं. मी गेलो तर दारात पाच-सहा चपलांचे जोड, आणि आत मुली खाली बसलेल्या, तीन लॅपटॉप मधे. रमिला उभी राहून पावरीत काहीतरी समजावत होती. तिने मला बघून हसून हात केला आणि बोलणं चालूच ठेवलं.

मागच्या भिंतीला टेकून, बाहेर रणरणतं ऊन असताना, लोकरीची कानटोपी घातलेला माणूस बसला होता.

ते बाहेर आले. आम्ही समोरच्या टपरीवर गेलो. ते मला ओळखतील की नाही अशी शंका होती, पण त्यांनी माझं नाव घेतलं आणि पाठोपाठ अहो लावलं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचा राग असा कसा विरघळला, मलाच कळेना. विचारायचं खूप होतं. कधी आलात, कसे आलात, त्या दिवशी स्टँडवर का आला नाहीत. ह्यातलं काही विचारायची गरज उरली नव्हती. त्यांचं सामान बहुतेक रमिला गेली त्याच आठवड्यात धडगावच्या वाटेला लागलं असणार.

तरी मी म्हणालो, "म्हणजे सर, तुम्ही वर्ग पुन्हा सुरू केलात."

"छे, मी नाही," ते म्हणाले. "वर्ग रमिलाबाईंचा आहे. मला पावरी येत नाही, माझा इथे तसा काही उपयोगही नाही." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "पण त्यांनी मला ठेवून घेतलंय."

दवाखान्यातून एका मुलीने हाक मारली. त्यांनी बशी तशीच ठेवली आणि रस्ता ओलांडून गेले.